लाकडी दार आग अडवतं, पण ते बंद असलं तर

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे रामबागेतले. चार वर्षांपूर्वी निपानियाच्या बाजूला एका सात मजली मल्टीत फ्लॅट घेऊन राहायला आलो. यंदा रहवासी संघाची सचिव म्हणून माझी निवड झाली आहे आणि पहिल्याच महिन्यात एका विषयावरून मल्टीत दोन तट पडले आहेत.

आमच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर एक जड लाकडी दार आहे. त्यावर ‘फायर डोअर, बंद ठेवा’ असं लिहिलेलं आहे. माझे सासरे म्हणतात, लाकूड हेच मुळात सरपण, ते आग काय अडवणार? बिल्डरनं फसवलं आहे. काही सभासदांना ही दारं काढून लोखंडी जाळीची दारं हवी आहेत, म्हणजे हवाही येईल आणि चोरही येणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना लिफ्टची भीती वाटते. त्या काठी घेऊन रोज जिन्यानंच उतरतात आणि त्यांना ते दार ढकलत नाही, म्हणून काकांनी दाराला झाडाची मोठी कुंडी लावून ते कायमचं उघडं ठेवलं आहे. सातव्या मजल्यावरच्यांना गच्चीकडून कोणी येईल अशी भीती आहे, त्यांना दाराला कडी आणि कुलूप हवं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं दार पावसाळ्यात घासतं, सुतार म्हणतो खालून अर्धा इंच रंधा मारून देतो. चौथ्या मजल्यावरच्या दाराची काच मुलांच्या चेंडूनं फुटली होती, तिथे साधी काच बसवून घेतली आहे. बिल्डरकडून दारांचा एकही कागद आमच्याकडे आलेला नाही.

रविवारी मीटिंग आहे. मी काय सांगू?

– एक वाचक, इंदूर

उत्तर

रविवारपर्यंत मन थाऱ्यावर राहावं म्हणून निकाल आधीच सांगते. दारं काढू नका, आणि त्यांच्या जागी जाळी तर मुळीच बसवू नका. नीट बनवलेलं लाकडी दार आगीसमोर अर्धा तास, तास, दोन तास उभं राहतं आणि जगभरात त्यावर भरवसा ठेवून इमारती उभ्या आहेत. तुमच्या मल्टीत आज खरा धोका आहे तो दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीचा. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रश्न मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या मनात असणार.

लाकडाबद्दलची शंका इंदूरच्या माणसाला येणं साहजिक आहे. आपला राजवाडा डोळ्यांसमोर आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि आगीनं त्याला एकदा नव्हे, अनेकदा गाठलेलं. १९८४ची आग तर तुमच्या सासऱ्यांच्या पिढीनं पाहिलेली आहे. तेव्हा लाकूड जळतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. प्रश्न इतकाच की ते किती वेगानं जळतं आणि कुठून जळतं.

होळीत घातलेला जाड ओंडका दुसऱ्या दिवशी फोडून पाहिलात तर बाहेरून कोळसा आणि आत कोरं लाकूड मिळतं. काटक्यांची मात्र घटकेत राख होते. लाकूड साधारण ३०० अंश सेल्सियसला कोळशात बदलू लागतं आणि तयार झालेला कोळशाचा थर उष्णतेला सहज आत जाऊ देत नाही. त्यामुळे आग लाकडात धावत शिरत नाही, ठरावीक गतीनं सरकते. पाइनसारख्या मऊ लाकडात मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर, सागासारख्या घट्ट लाकडात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आता हिशेब करा. तीस मिनिटांसाठी बनवलेलं लाकडी दार साधारण ४४ मिमी जाड असतं. मऊ लाकूड धरलं तरी अर्ध्या तासात त्यातलं २० मिमी कोळसा होईल आणि २४ मिमी शिल्लक राहील. साठ मिनिटांचं दार ५४ मिमीच्या आसपास असतं. दोन तासांचं त्याहून जाड असतं आणि त्याच्या पोटात बहुतेकदा न जळणाऱ्या खनिज पाट्या घातलेल्या असतात. जुन्या लाकडी बांधणीत तुळयांना, फळ्यांना, जिन्यांना चहूकडून हवा मिळते आणि आग सगळीकडून लाकूड खाते. चौकटीत घट्ट बसलेल्या दाराची एकच बाजू आगीकडे असते. लाकूड तेच, पण परिस्थिती अगदी वेगळी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. असं दार विकण्याआधी त्याचा नमुना चौकटीसकट भट्टीच्या तोंडाशी बसवून जाळून पाहतात. आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत, म्हणजे सीबीआरआयमध्ये, अशा चाचण्या होतात. भट्टीचं तापमान पाच मिनिटांत साडेपाचशे अंशांच्या वर जातं, अर्ध्या तासाला ८४०च्या आसपास आणि तासाभरात ९४५पर्यंत. पलीकडच्या बाजूनं ज्वाला बाहेर आली, भेग पडली की दार नापास. उष्णता अडवण्याचीही कसोटी घ्यायची असेल तर दाराच्या थंड बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा आणि कुठल्याही एका ठिकाणी १८० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये.

या शेवटच्या कसोटीला लाकूड फार चांगलं उतरतं. नुसत्या पत्र्याच्या दाराची दुसरी बाजू थोड्याच वेळात इतकी तापते की त्याच्याजवळून जिना उतरणं कठीण होतं. शिवाय पोलाद ५५० ते ६०० अंशांना आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. पत्रा वाकतो आणि चौकटीपासून सुटतो. म्हणून लोखंडी फायर डोअर वाईट असतं असं मी म्हणत नाही. आत खनिज लोकर भरलेली, चाचणी झालेली उत्तम लोखंडी दारं मिळतात आणि मीटर रूम, जनरेटरची खोली, तळघर अशा ठिकाणी मी स्वतः तीच सुचवते. पण ‘लोखंड म्हणजे सुरक्षित’ हा समज मनातून काढा. जाळीच्या दारातून तर धूर जसाच्या तसा पलीकडे जातो. जिन्यावर जाळी बसवणं म्हणजे आगीच्या दृष्टीनं तिथे दारच नसणं.

आता धुराबद्दल, कारण हे सगळं त्याच्याचसाठी आहे. आपण आग म्हटलं की ज्वाळा डोळ्यांसमोर आणतो. इमारतींच्या आगीत माणसं मरतात ती बरीचशी धुरानं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते, पाय उचलत नाहीत, झोपेत असेल तर जागही येत नाही. आणि गरम धुराला वर जायला वाट हवी असते. उघडा जिना ही इमारतीतली सगळ्यांत मोठी आणि सरळ वाट. ज्या जिन्यानं माणसं खाली यायची, त्यानंच धूर वर चढतो.

७ मे २०२२च्या पहाटे आपल्याच शहरात, विजयनगरच्या स्वर्णबाग कॉलनीत काय झालं ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. पार्किंगमधल्या एका दुचाकीला लावलेली आग, खाली उभ्या गाड्या, तिथेच विजेचे मीटर, आणि वर झोपलेली माणसं. सात जण गेले. ती लहान इमारत होती, तुमच्या मल्टीसारखी उंच नव्हती. मी तिचा उल्लेख कोणाला दोष द्यायला करत नाही. खालच्या गाड्यांची आग वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या जिवावर किती लवकर येते, एवढंच मीटिंगमध्ये आठवून द्या. तुमच्याही तळमजल्यावर गाड्या आहेत, आता विजेच्या दुचाक्या चार्जिंगला लागत असतील, मीटर तिथेच असतील. तिथला धूर आणि सातव्या मजल्यावरची माणसं यांच्या मधे जे काही आहे ते म्हणजे ही लाकडी दारं.

म्हणूनच १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतींसाठी नॅशनल बिल्डिंग कोड २०१६च्या चौथ्या भागात जिन्याभोवती आगीला तोंड देणाऱ्या भिंती आणि त्यांना साजेशी १२० मिनिटांची दारं सांगितली आहेत. सात मजली इमारत त्या उंचीच्या वर जातेच. ही दारं बिल्डरनं हौस म्हणून बसवलेली नाहीत आणि संघाला ठराव करून काढता येतील अशीही ती गोष्ट नाही. उद्या फायर एनओसीच्या तपासणीत दारं गायब दिसली तर जबाबदारी संघाच्या पदाधिकाऱ्यांवर येईल. त्यात तुम्हीही आलात.

आता कुंडी. लंडनमध्ये १४ जून २०१७ला ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ माणसं गेली. आग पसरली ती मुख्यतः बाहेरच्या आवरणामुळे. पण चौकशीत दुसरी एक गोष्ट पुढे आली. कित्येक फ्लॅटच्या दारांचे क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारी यंत्रं, निघालेले किंवा नादुरुस्त होते, रहिवासी बाहेर पडले तेव्हा दारं आपोआप मिटली नाहीत, आणि धूर लॉबीत व तिथून जिन्यात शिरला. दार कितीही मिनिटांचं असो, उघडं असताना त्याची किंमत शून्य मिनिटं. तुमच्या मल्टीत सहा मजल्यांची दारं चोख बंद राहिली आणि दुसऱ्या मजल्यावरचं कुंडी लावून उघडं राहिलं, तर त्या मजल्यावरच्या आगीचा धूर तिथून जिन्यात शिरेल आणि वरच्या पाचही मजल्यांची उतरायची वाट बंद होईल.

पण म्हणून काकांना नोटीस काढू नका. काकूंची अडचण खरी आहे. चाळीस-पन्नास किलोचं दार, वर क्लोजरचा दाब, एका हातात काठी. सत्तरीपुढच्या बाईनं ते रोज ढकलावं ही अपेक्षाच चुकीची. कुंडी उचलून नेलीत तर संध्याकाळी तिथे वीट येईल, वीट नेलीत तर दोरी येईल. दार उघडं ठेवणाऱ्याची अडचण सोडवल्याशिवाय दार बंद राहत नाही, हे मी अनेक इमारतींत पाहिलं आहे. ज्या संघांनी फक्त दंड लावला तिथे भांडणं वाढली आणि दारं उघडीच राहिली.

आधी बिजागऱ्यांना तेल आणि क्लोजरची जोडणी. क्लोजरच्या बाजूला दोन बारीक स्क्रू असतात, एकानं दार मिटण्याचा वेग ठरतो आणि दुसऱ्यानं शेवटच्या टप्प्यातला झटका. बऱ्याच क्लोजरना दाब कमीजास्त करायचीही सोय असते. दार विनाकारण जड लागतं ते बरेचदा कोणी ही जोडणी कधी केलेलीच नसते म्हणून. जाणकार माणूस अर्ध्या तासात फरक करून देतो. एवढ्यानं भागलं नाही तर थोडा वेळ थांबून मग मिटणारा क्लोजर मिळतो, म्हणजे काकूंना काठी सावरत पलीकडे जायला अवधी मिळेल.

तरीही त्यांना जमणार नसेल तर त्या एका दारासाठी विजेचा चुंबक बसवा. भिंतीवरचा चुंबक दाराला दिवसभर उघडं धरून ठेवतो. धूर ओळखणारं यंत्र किंवा इमारतीचा अलार्म वाजला की चुंबक दार सोडतो आणि क्लोजर ते मिटवतो. वीज गेली तरी दार मिटतंच, हे त्यातलं सगळ्यांत चांगलं. मात्र तो अलार्मला जोडलेला हवा आणि तुमचा अलार्म चालू स्थितीत हवा, नाहीतर तो चुंबक म्हणजे महागडी कुंडी ठरेल. याचा खर्च काकांच्या माथी मारू नका, संघानं करावा. जिना सगळ्यांचा आहे. काकांच्या घरी मीटिंगच्या आधीच एकदा जाऊन या. चहा घ्या, काकूंना दार ढकलून दाखवायला सांगा आणि त्यांच्यासमोरच क्लोजरवाल्याला फोन लावा. मग रविवारी कुंडीचा विषय काका स्वतःच काढतील.

सातव्या मजल्याच्या कडी-कुलपाला माझा स्पष्ट नकार आहे. बाहेर पडायच्या वाटेवरचं दार, ज्या बाजूनं माणूस पळणार त्या बाजूनं, किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. हा कोडचा नियम आहे आणि त्यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. १३ जून १९९७ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ माणसं मुख्यतः गुदमरून गेली. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या आणि दारं बंद होती. धुरात, अंधारात, रात्री दोन वाजता किल्ली कुठल्या खिळ्याला आहे हे कोणालाही आठवणार नाही. पण सातव्या मजल्यावरच्यांची भीतीही खरी आहे, तिलाही उत्तर द्या. आतून आडवी दांडी दाबली की उघडतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही असं कुलूप फायर डोअरसाठी मिळतं, त्याला पॅनिक बार म्हणतात. गच्चीच्या दारावर तसं काही बसवायचं असेल तर एक नीट ठरवून घ्या. गच्ची ही तुमच्या इमारतीत आगीच्या वेळी आसऱ्याची जागा धरली असेल, तर जिन्यातून गच्चीवर जायलाही दार किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. चोराची धास्ती जास्तच असेल तर त्या दाराला उघडल्यावर वाजणारी घंटा लावा, कॅमेरा लावा. टॉवर बोल्ट आणि कोयंडा नको.

तिसऱ्या मजल्याच्या सुताराला मात्र आजच फोन करून थांबवा. अर्धा इंच म्हणजे जवळजवळ १३ मिमी. तेवढी फट खाली पडली की धुराला मोकळी वाट मिळाली. शिवाय या दाराची कड म्हणजे नुसतं लाकूड नसतं, कडेनं घट्ट लाकडाची पट्टी चिकटवलेली असते आणि रंधा तिच्यावरच फिरतो. ती किती घासता येते हे दार बनवणाराच सांगू शकतो, आणि ती मर्यादा सहसा अगदी थोडी असते. बहुतेकदा दार फुगलेलं नसतंच, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन ते एका कोपऱ्यात खाली बसलेलं असतं. आधी बिजागऱ्या तपासा. त्या तीन असल्या पाहिजेत, पोलादी असल्या पाहिजेत आणि प्रत्येक भोकात स्क्रू असला पाहिजे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तेव्हा कोणी शोभेसाठी तसल्या बिजागऱ्या बसवल्या असतील तर त्या बदला.

फटीबद्दल बोलतेच आहे तर दाराच्या सगळ्यांत महत्त्वाच्या भागाकडे येते, आणि नेमकं तोच भाग कोणाला माहीत नसतो. दार मधून क्वचितच हरतं. ते हरतं कडेला. दार आणि चौकट यांच्यातली फट वर आणि दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमी असावी, म्हणजे २ ते ४च्या मधे. सुताराकडे ३ मिमीच्या प्लायची पट्टी असते, ती फिरवून पाहा. चौकटीत किंवा दाराच्या कडेत एक करडी-काळी पट्टी खाचेत बसवलेली दिसेल. तिला रबर समजून मुलं उपटतात, रंगारी खरवडतात, कधी दरवाजा घासतो म्हणून मिस्त्रीच काढून टाकतो. ती पट्टी साधारण २०० अंशांच्या आसपास कित्येक पट फुगते आणि ती फट बुजवते. तिच्याशेजारी केसांचा ब्रश किंवा मऊ पाकळी असेल तर ती थंड धुरासाठी, कारण आग दूर असताना येणारा धूर पट्टी फुगवण्याइतका गरम नसतो. ही पट्टी नसलेलं दार किती मिनिटं टिकेल याचा कोणीही भरवसा देऊ नये. प्रत्येक मजल्यावर जाऊन पाहा आणि जिथे ती तुटली आहे, गेली आहे, रंगाच्या जाड थराखाली पुरली आहे तिथली नोंद करा.

चौथ्या मजल्याची काच बदलावीच लागेल. साधी काच आगीत काही मिनिटांत तडकून पडते आणि मग दारात सरळ खिडकीच उघडते. आगीला टिकणारी काच, ती धरणाऱ्या पट्ट्या आणि त्यांचं सील हे सगळं एकत्र मागवा, नुसती काच नको. दुसरं म्हणजे, दारांच्या वर भिंतीत इंटरनेटवाल्यांनी पाडलेली भोकं शोधा. प्रत्येक मल्टीत ती असतात. वायर ओढून भोक तसंच सोडलेलं असतं आणि धुराला तेवढं पुरतं. ती आगरोधक सीलंटनं बुजवून घ्या, वायरच्या शाफ्टमध्येही प्रत्येक मजल्यावर पाहा. दिवाळीत तोरणासाठी या दारांवर आणि चौकटींवर खिळे मारू नका, एवढं सांगितलं की पुरे.

कागद. दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर किंवा वरच्या कडेवर एक छोटी पट्टी किंवा लेबल शोधा. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, किती मिनिटांचं दार आणि चाचणी अहवालाचा क्रमांक असायला हवा. आयएस ३६१४ हा या दारांचा भारतीय मानक क्रमांक आहे, तोही दिसू शकेल. लेबल सापडलं तर अर्धी चिंता मिटली. नाही सापडलं, जाडी चाळीस मिमीच्या आतच भरली, पट्टी नाही, बिजागऱ्या दोनच आहेत, तर मग सासऱ्यांचा बिल्डरवरचा संशय खरा असू शकतो. वर फक्त ‘फायर डोअर’ असं रंगवलेलं साधं फ्लश डोअर कोणी बसवलेलं असणं अशक्य नाही. अशा दाराला आगरोधक रंग मारून ते फायर डोअर होत नाही, कोणी तसं सुचवलं तर पैसे घालवू नका. चाचणी दार, चौकट, बिजागरी, कुलूप, पट्टी, काच या सगळ्यांची मिळून होते. नुसता पल्ला चांगला असून भागत नाही.

आणि इथे एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे, ती हातची जाऊ देऊ नका. ताबा मिळून चार वर्षं झाली आहेत. रेरा कायदा २०१६च्या कलम १४(३)प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष लक्षात आणून दिला तर तो ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही केलं तर भोपाळच्या मध्य प्रदेश रेराकडे दाद मागता येते. तेव्हा उरलेल्या महिन्यांत काम उरका. संघाच्या लेटरहेडवर पत्र लिहा आणि सातही मजल्यांच्या दारांचे चाचणी अहवाल, बनवणाऱ्याचं बिल आणि मंजूर फायर प्लॅनची प्रत मागा. आढळलेले दोष मजल्यानुसार, फोटोंसह जोडा. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. तुम्ही स्वतः बदललेली काच किंवा रंधा मारलेली कड त्या यादीत घालू नका. तो दोष बिल्डरचा नाही आणि त्यानं तुमच्या बाकीच्या यादीचं वजन कमी होईल. सुताराला आजच थांबवा म्हटलं त्याचं हेही एक कारण.

रविवारी बोलण्याआधी शनिवारी सासऱ्यांना सोबत घेऊन सातही मजले फिरा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. लाकडाची पारख असलेला माणूस घरात आहे, त्यांच्या हातात मोजपट्टी द्या. जाडी, फट, बिजागऱ्या, पट्टी. मग प्रत्येक दार पूर्ण उघडून सोडा, अर्धं उघडून सोडा, आणि शेवटी चार बोटं उघडून सोडा. तिन्ही वेळा ते स्वतःहून मिटून कुलपाची जीभ ‘टक’ असा आवाज करत आत बसली पाहिजे. चार बोटांवरून जे मिटत नाही ते दार नापास. जिन्यात चपलांचे रॅक, सायकली, जुने कूलर असतील तर तेही लिहून घ्या. मीटिंगमध्ये सासऱ्यांनीच हा तक्ता वाचून दाखवला तर तुम्हाला फारसं बोलावंही लागणार नाही.

मीटिंगमध्ये ठराव तीनच घ्या. जिन्याची दारं काढायची नाहीत. त्यांची दर तीन महिन्यांनी पाहणी करायची आणि नोंदवही ठेवायची. दुसऱ्या मजल्याच्या दाराचा खर्च संघानं करायचा. चार वर्षांच्या तक्रारी एकदम काढल्या तर रविवार संपेल आणि दारं तशीच राहतील.

शेवटी घरोघरी सांगायची गोष्ट, ही नोटीस बोर्डावर मराठी आणि हिंदी दोन्हीत लावा. रात्री अलार्म वाजला किंवा धुराचा वास आला तर दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहा. गार असेल तर हळूच उघडा, जिना स्वच्छ असेल तर उतरा, लिफ्ट वापरू नका, आणि निघताना घराचं दार मागे ओढून घ्या, कुलूप न लावता. दार गरम असेल किंवा जिन्यात धूर भरलेला असेल तर बाहेर पडू नका. दार बंद ठेवा, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, १०१ किंवा ११२ला फोन करा, मजला आणि फ्लॅट नंबर सांगा आणि रस्त्याकडच्या बाल्कनीत जाऊन थांबा. काकूंच्या बाबतीत त्यांच्या मजल्यावरच्या दोन घरांनी आधीच ठरवून ठेवावं की अशा वेळी त्यांच्या दारावर कोण जाईल.

शनिवारच्या फेरीत लेबल सापडलं तर त्याचा स्पष्ट फोटो पाठवा, त्यावरून दार किती मिनिटांचं आहे आणि बिल्डरला आणखी काय विचारायचं ते सांगेन.